बरणीतला बावीस मिलिमीटर पाऊस

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी शाळेच्या बरणीत बावीस मिलिमीटर पाणी निघाले. आदल्या रात्री पाऊस पडलेला नव्हता. त्याआधीचे कित्येक आठवडेही पडलेला नव्हता.

बरणी माझ्या थोरल्या बहिणीने मुखेडच्या बाजारातून आणली होती. आक्का त्या गावच्या शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवत असे. गाव लातूर जिल्ह्यातले, बाजार मात्र नांदेड जिल्ह्यातला. लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. त्याआधी जिल्ह्याचे काम निघाले की उस्मानाबादची वाट धरावी लागे. आता लातूर जवळ आले होते, पण तिथली काही कार्यालये अजून भाड्याच्या जागेत होती आणि कागद ठेवायला कपाटे यायची होती. मी नांदेडच्या एका दैनिकात कामाला होतो. टंचाईचे आकडे आणण्यासाठी दर सोमवारी लातूरला जावे लागे. म्हणून रविवारी संध्याकाळी आक्काकडे मुक्काम आणि सोमवारी सकाळच्या एस.टी.ने पुढे, असा क्रम पडला होता. त्यामुळे त्या सोमवारी मी तिथे होतो, आणि त्याच्या पुढच्या सोमवारीही. मधल्या दिवसांचे जे लिहितो आहे ते आक्काने सांगितलेले आहे.

त्या वर्षी श्रावणात टँकर येत होता. टँकर उन्हाळ्यात येतो, हे गावाला माहीत होते. श्रावणात टँकरच्या नळीखाली घागर धरायची, आणि वर आभाळ निळे, याची सवय कोणाला नव्हती.

आक्काच्या वर्गात फळ्यावरून उतरवून घेणे बंद होते. तिने पहिल्या वर्षी पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालण्याचा प्रयोग ठेवला, तेव्हा काडी ओढण्याआधीच वर्गाने वहीत निरीक्षण लिहून टाकले होते. निष्कर्षही लिहून झाला होता. मोठ्या भावंडांच्या जुन्या वह्या घरात होत्या. त्यातून उतरवायचे ही गावची रीत होती. तेव्हापासून तिने वहीचे पान बदलले. पानावर तीन रकाने: दिसलं, वाटलं, तपासलं. लिहायचे शाईने. खोडायचे नाही. चुकले तर एक आडवी रेघ, खालचे वाचता येईल अशी.

मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हते. ते म्हणत, "बाई, ह्या वह्या बघून एखादा तपासणीचा साहेब चक्कर येऊन पडंल."

"पडू द्या," आक्का म्हणायची. "पोरं 'दिसलं'मध्ये लिहितील."

पावसाची वही सगळ्या वर्गाची मिळून एक होती. सरळ भिंतींची काचेची बरणी झेंड्याच्या ओट्यावर उघडी ठेवलेली. रोज प्रार्थनेआधी पाळीप्रमाणे एकाने जायचे, गुडघे टेकून डोळा पाण्याच्या रेषेला आणायचा, पट्टी लावायची, आकडा लिहायचा, सही करायची, आणि पाणी असेल तर बरणी लिंबाच्या बुडाशी रिकामी करायची. जूनमध्ये थोडे आकडे होते. नंतर शून्ये. ती निरनिराळ्या हातांची होती, काही गोल, काही चेपलेली. एक मुलगा शून्याला डोळे काढायचा. आक्काने ते चालू दिले. शून्य खरे होते, डोळ्यांनी त्यात फरक पडत नव्हता.

ओट्यासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एका विधवा बाईचे किराणा दुकान. गूळ, काडेपेटी, पेन्सिली, वह्या. तिला सगळे गाव मावशी म्हणे. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, तोंडाला धार. मुले बरणीकडे निघाली की ती गादीवरून ओरडायची, "काय रे, आला का तुमचा बाटलीदेव पावायला?"

"बरणी हाय ती, मावशी."

"बरणीत लोणचं घालत्यात. तुम्ही मोकळीच मांडून बसलाव!"

श्रावणी सोमवारी मात्र ती बोलत नसे. तिचे मौन असे. गिऱ्हाइकाने वस्तूकडे बोट दाखवायचे, तिने बोटांनीच भाव सांगायचा.

या वहीचा उपयोग होईल असे कोणी धरले नव्हते. तालुक्याच्या गावी सरकारी पर्जन्यमापक होता आणि तिथे आषाढात दोनदा सरी पडल्या होत्या. कागदावर हे गावही भिजले. प्रत्यक्षात ते कोरडे होते. रोजगार हमीचे काम मिळेना. तेव्हा नायब तहसीलदार स्वतः आले, शाळेत बसून वही पाहिली, डोळेवाले शून्यही पाहिले, आणि म्हणाले, "एवढ्या वेगवेगळ्या पोरांनी ठरवून खोटं लिहिलं असं म्हणता येणार नाही." त्या वहीच्या आधाराने गावाला पाझर तलावाचे काम मिळाले. बायका-पुरुष खडी फोडायला, माती वाहायला जाऊ लागले.

सातवीतल्या एका मुलीची आई त्यात होती. मुलीला वडील नव्हते. मामा हैदराबादला बांधकामावर होता आणि दोघींना घेऊन जायला दोनदा येऊन गेला होता. आई म्हणायची, गावात काम आहे तोवर पोरीची शाळा. मुलीने हे आक्काला सांगितले होते, आणि तेही जणू आकडा सांगावा तसे: "काम हाय तवर मी हाय, बाई."

त्या सोमवारी पाळी तिची होती.

मी आक्काच्या पडवीत चहा घेत होतो. मुलगी ओट्यावरून पळत आली नाही, चालत आली. वही छातीशी धरलेली होती.

"बाई, बरणीत पाणी हाय."

"दव असेल."

"न्हाई बाई. बावीस."

आम्ही गेलो. बरणीत पाणी होते. आक्काने स्वतः पट्टी लावली. बावीस. तिने आभाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर तसा भाव मी त्याआधी फक्त एकदा, घरी तार आली होती तेव्हा, पाहिला होता.

माणसे जमली. कोणी पायाने माती उकरून पाहत होते, कोणी दाराबाहेरच्या परातीत बोट फिरवत होते. एक म्हातारा लिंबाच्या बुडाशी वाकून हात लावत राहिला.

"राती पडला का काय?"

"पडला तर तुझ्या घमेल्यात का न्हाई पडला?"

"पोरांनीच केलं असंल."

"आरं, घरात प्यायला न्हाई आन् पोरं बरणीत ओतत्यात व्हय!"

हे शेवटचे वाक्य सगळ्यांना पटले. कोणी ओतले असेल ही कल्पनाच तिथे संपली. पाणी ओतून देणारा माणूस त्या गावात त्या महिन्यात असू शकत नव्हता. पलीकडे मावशी गादीवर बसून होती. तिचे मौन होते. माझी एस.टी. आली आणि मी लातूरला गेलो.

मुलीने नियमाप्रमाणे आकडा लिहिला होता, शाईने, सहीनिशी. फक्त पाणी ओतून द्यायचे आक्काने थांबवले. वर्गाला तिने तिन्ही रकाने आखायला लावले. पाणी कुठून आले, हा प्रश्न. मुले दुपारपर्यंत फिरली. 'दिसलं'मध्ये त्यांनी जे लिहिले ते मी नंतर वाचले. शाळेच्या पत्र्यावरची धूळ तशीच आहे. ओट्याखालच्या मातीला थेंबांचे खड्डे नाहीत. बरणीच्या आजूबाजूला ओल नाही. बरणीतले पाणी गढूळ आहे, पण मातीसारखे लाल नाही.

थोडे पाणी त्यांनी डब्याच्या झाकणात घालून उन्हात ठेवले. ते आटल्यावर तळाला पांढरी भुकटी राहिली. एकाने बोट लावून जिभेवर ठेवले.

"राख हाय, बाई!"

"पावसात राख कशी येईल?"

"ढग जळाला आसंल," शून्याला डोळे काढणारा म्हणाला. वर्ग हसला. मग एकेक करून हसू थांबले. राख कुठली ते मुलांना कळले होते. चुलीची राख काळपट असते. ही पांढरी, मऊ, कपाळाला लावायची होती. आक्का सांगते, सगळ्या वर्गाने एकदा खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहिले आणि पुन्हा वहीत मान घातली. कोणी काही लिहिले नाही.

तोवर बातमी तलाठ्यामार्फत वर गेली होती. गुरुवारी नायब तहसीलदारांची जीप आली.

नियम साधा होता. पाऊस झाला की शेतात कामे निघतात. शेतात कामे निघाली की हमीचे काम बंद. बावीस मिलिमीटर हा भिजपाऊस होता. साहेब चांगला माणूस होता, आणि तीच अडचण होती.

"बाई, ही शून्यं मी खरी धरली," ते म्हणाले. "सही करून वर पाठवली. आता एक ओळ अडचणीची आली, तर ती खोटी म्हणू? मग आधीची कशावरून खरी?"

"ओळ खोटी नाही, साहेब. पाणी होतं. पाऊस नव्हता."

"मग कुठून आलं?"

"पोरं शोधतायत."

"कोणी ओतलं असेल तर नाव सांगा. त्या माणसाची सही घेतो, विषय संपला."

आक्काने वही मिटली. साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. मंगळवारी काम बंदचा कागद निघणार होता.

जीप गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "एक पान फाडा, बाई. पोरांची वही ती. साहेबाला म्हणा, शाई सांडली."

 पान फाडायचे आक्काच्या मनात आले होते, हे तिनेच मला सांगितले. एका आईचे काम आणि एका वहीचे पान, यात जड काय हे तिला कळत होते. संध्याकाळी ती मुलगी घरी आली. हातात वही होती. तिने दारातच विचारले, "बाई, त्याच्यावर रेघ मारू का?"

"चुकीचं लिहिलं होतं का?"

"न्हाई."

"मग रेघ कशाची?"

मुलगी उभी राहिली. मग म्हणाली, "मामाला चिठ्ठी गेली, बाई." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आक्का दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हते. तिने सरळ विचारले, "मावशी, बरणीत पाणी तुम्ही घातलं का?"

"पेन्शील पाह्यजे का खडू?"

"मावशी, त्या पाण्यामुळं तलावाचं काम बंद पडायलंय."

"बाई." मावशीने तराजू खाली ठेवला. "काही गोष्टी इचारू नयेत. सांगितलं की गेलं. माझ्या एकटीचं असतं तर सांगितलं असतं, गेलं तर माझंच गेलं असतं. हे माझ्या एकटीसाठी न्हाई."

आक्काला समजले. तोंडातून काढला की नवस मोडतो, हे तिनेही आजीकडून ऐकलेले होते. गावाला पाऊस यावा म्हणून धरलेला नवस मोडला तर पाऊस न येण्याचे पाप मावशीच्या माथी. आणि तो न सांगितला तर काम बंद. आक्काने तिला मुलीचे, तिच्या आईचे, मामाच्या चिठ्ठीचे सांगितले. मावशी ऐकत राहिली. मग उठून आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली नाही. आक्का बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने परतली.

मुलीने त्याच दिवशी आपल्या वहीत 'वाटलं'च्या रकान्यात एक वाक्य लिहिले: "येत्या सोमवारी सूर्य उगवायच्या आधी बरणीत पाणी येईल. तेवढंच येईल." कोणाचे नाव नव्हते. 'तपासलं'चा रकाना कोरा होता. आक्काने ते वाचले आणि साहेबांना निरोप धाडला की, सोमवारी पहाटे या.

"मावशी आलीच नाही तर?" रविवारी मी विचारले.

"तर पोरीचं वाक्य चुकलं," आक्का म्हणाली. "एक आडवी रेघ." तिने कंदिलाची वात खाली केली. "आणि पेपरवाल्या, यातलं काही छापायचं नाही. छापलं म्हणजे सांगितलंच."

सोमवारी उजाडण्याआधी आम्ही लिंबाखाली उभे होतो. साहेब, तलाठी, मुख्याध्यापक, आक्का, ती मुलगी आणि मी. आक्काने बरणी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, आत बोट फिरवले, कोरडी असल्याची खात्री केली आणि ओट्यावर ठेवली. शाळेच्या कोपऱ्याआडून मुलांची डोकी दिसत होती. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

"आज काय पाऊस पडणार का इथं?" तलाठी पुटपुटला.

पूर्वेकडे फटफटले तेव्हा दुकानाची आतली कडी वाजली. मावशी बाहेर आली. अनवाणी, कपाळावर ओले भस्म, हातात पूजेचा लहान पितळी तांब्या. ती चार पावले चालली आणि तिला आम्ही दिसलो. रस्त्याच्या मधोमध ती थांबली. तांब्या तिने दोन्ही हातांनी धरला. साहेब पुढे झाले, "मावशी..." आक्काने हात आडवा केला. साहेब थांबले.

ती परत जाईल असेच मला वाटले. तिच्या मागे दार उघडे होते. मुलीने वही इतकी घट्ट धरली होती की पुठ्ठा वाकला.

मावशी पुढे आली. आमच्यापैकी कोणाकडे तिने पाहिले नाही. ओट्याच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, तांब्यात भस्माची चिमूट टाकली आणि पाणी बरणीत ओतले. सावकाश, एका धारेने. एक थेंबही बाहेर नव्हता. मग बरणीला अर्धी प्रदक्षिणा घातली आणि तिथूनच मागे वळली, महादेवाला घालतात तशी. हात जोडले. रस्ता ओलांडला. दार लागले.

 टँकर आदल्या दिवशी आला नव्हता, हे तिथे सगळ्यांना माहीत होते. मुख्याध्यापकांनी टोपी काढली होती. तलाठी जमिनीकडे पाहत होता. कोऱ्या आभाळाखाली एका बाईने आपल्या घरातले पिण्याचे पाणी शाळेच्या बरणीला वाहिले होते, दुसऱ्यांदा, सरकारी माणसांदेखत.

"पोरी," साहेबच शेवटी म्हणाले, "मोज."

मुलीने गुडघे टेकले. पट्टी लावली. डोळा रेषेला आणला. तिने पुन्हा एकदा पाहिले.

"बावीस."

साहेब वाकले. मांडीवर हात टेकून त्यांनी स्वतः वाचले, आणि सरळ होताना त्यांच्या तोंडून निघाले, "अगदी बावीस."

"तांब्या तोच हाय," मुलगी म्हणाली. "काठोकाठ भरत्यात." आणि लगेच तिने हात तोंडावर ठेवला, आपण फार बोललो अशा भीतीने.

आक्काने वही उघडून दिली. मुलीने ओट्यावर टेकून लिहिले: "पाऊस शून्य. बरणीत पाणी बावीस. ओतताना दिसलं." मग मागे जाऊन गेल्या सोमवारच्या ओळीसमोर लिहिले, "पाणी बावीस. पाऊस नव्हता. पुढच्या सोमवारी तपासलं." आधीचा आकडा तिने तसाच ठेवला.

"कोणी ओतलं ते लिही," तलाठी म्हणाला.

"त्याचा रकाना नाही," आक्का म्हणाली.

साहेबांनी बंद दाराकडे पाहिले. मग खिशातून पेन काढले आणि मुलीच्या सहीखाली सही केली. तारीख घातली. जीपमध्ये बसताना ते आक्काला म्हणाले, "काम चालू राहील." एवढेच.

बरणी रिकामी करायची वेळ आली तेव्हा कोणी पुढे होईना. नियम होता, लिंबाच्या बुडाशी. मुलगी बरणी धरून उभी राहिली. शेवटी तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि मावशीने ओतले होते तसे, एका धारेने, बुडाशी ओतले. माती ते पाणी पिताना आवाज आला.

मी लातूरला गेलो. टंचाईच्या तक्त्यात त्या गावापुढे शून्य होते. ते उतरवून घेतले. बाकीची बातमी लिहिली नाही.

मावशीने पुढचे सगळे सोमवार केले. शाळेने दर सोमवारी दोन आकडे लिहिले, पावसाचा आणि पाण्याचा. तिचे नाव गावात कोणी घेतले नाही, तलाठ्यानेही नाही. श्रावण संपला तेव्हा तो नवसही संपला, आणि मग ती बोलली. पेन्सिल घ्यायला गेलेल्या त्या मुलीला तिने सांगितले, "घरचं भांडं रिकामं ठिवू नये, शेजाऱ्याचं रिकामं परत देऊ नये. आन् तुम्ही रोज उठून रिकामं भांडं आभाळाला दावायलाव. त्याला काय वाटंल? हितं रिकामंच लागतंय म्हणून. म्हटलं, एकदा भरलेलं तर दाव."

मुलीने ते जसेच्या तसे 'वाटलं'च्या रकान्यात लिहिले. आक्काने वही तपासायला घेतली तेव्हा मी तिथे होतो. त्या वाक्यासमोर 'तपासलं'चा रकाना कोरा होता, आणि पावसाच्या वहीत श्रावणभर शून्ये होती.

"हे का सोडलंस?" आक्काने विचारले. "सगळे सोमवार झाले की."

मुलीने पेन्सिलीचे टोक पाहिले. तलावाच्या बाजूने खडी फुटल्याचा आवाज येत होता.

"अजून भादवा हाय, बाई," ती म्हणाली.